धारेचा दगड

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. त्याचे कारण एक दगड आहे.

गेल्या दिवाळीत भाचा जपानहून आला. ताईसाठी चहा, पोरांसाठी पेन्सिली आणि माझ्यासाठी जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेला, साबणाच्या दोन वड्यांएवढा दगड. "मामा, तुझ्या त्या वस्तऱ्यासाठी," म्हणाला. एक कोपरा तुटलेला, बाजू वेड्यावाकड्या, रंग राखाडीकडे झुकणारा पिवळट. क्योतोजवळच्या डोंगरातला हा नैसर्गिक दगड. चांगला चौकोनी, अखंड दगड खिशाला परवडणारा नव्हता, म्हणून त्याने तुकड्यांच्या ढिगातून हा निवडला. अशा तुकड्यांना तिकडे 'कोप्पा' म्हणतात.

ताईने दगड हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "अरे, दगड आणायला जपानला जावं लागतं का? आपल्याकडे काय दगडांचा दुष्काळ आहे?"

तेव्हा सगळे हसलो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर शोधता शोधता मी भलतीकडेच जाऊन पोचलो, ते आज सांगतो.

माझा हा वस्तऱ्याचा नाद निवृत्तीनंतरचा. जुन्या बाजारात जर्मनीतल्या झोलिंगेनचा एक वस्तरा मिळाला, गंजलेला पण पाते शाबूत. त्याला धार लावून स्वतःची दाढी करायची एवढीच इच्छा होती. मूळ मात्र त्याहून जुने आहे, श्रीपूरचे.

ज्यांना श्रीपूर माहीत नाही त्यांच्यासाठी: सोलापूर जिल्हा, माळशिरस तालुका, अकलूजपासून जवळ. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली, तिचा साखर कारखाना इथे उभा राहिला आणि त्याच्या आधाराने वस्ती वाढली. वडील कारखान्यात नोकरीला होते. दर रविवारी सकाळी आमच्या चाळीच्या ओट्यावर न्हावी यायचे. आम्ही मुले त्यांना मामाच म्हणायचो. काखेत चामड्याची धोकटी. तिच्यातून वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, आरसा आणि पितळेची वाटी अशा वस्तू निघायच्या. सगळ्यात शेवटी फडक्यात बांधलेला एक हिरवट काळा दगड, मधोमध इतका झिजलेला की वाटीसारखा खोलगट झालेला.

मामा त्या दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकत आणि वस्तरा फिरवू लागत. एकदा मी हट्ट करून वस्तरा हातात घेतला आणि जोर लावून घासला. त्यांनी माझे मनगट धरले. "दाबू नगंस रं. त्येच्या वजनानं जाऊ दे त्येला."

हे वाक्य पन्नास वर्षे माझ्या डोक्यात पडून होते, ते उपयोगी पडायला जपानचा दगड यावा लागला!

श्रीपूरला धारेची दुसरी एक जातही आम्ही रोज पाहायचो. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यायच्या. त्यांचा कोयता कानशीने घासला की खरखरीत धार यायची. ऊस जमिनीलगत तोडायचा असतो, कारण बुडख्याच्या कांड्यांत साखर जास्त. तिथे मातीखडे लागणारच, नाजूक धार एका तासात मरेल. वस्तऱ्याचे काम उलटे. दाढीचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर जाड, आणि चांगल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. कानशीने नीट न होणारे हे काम दगडाचे.

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे दगड उदंड आहे, पण तो एकाच घराण्यातला. सोलापूर जिल्हा ज्यावर बसला आहे तो काळा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहत येऊन थिजलेला लाव्हा. जाते, पाटा-वरवंटा, उखळ, देवळाचे खांब यांना त्याच्यासारखा दगड नाही. पण त्याचे स्फटिक वस्तऱ्याच्या मानाने भरड, आणि पुष्कळ ठिकाणी अंगात हवेच्या बुडबुड्यांची भोके. ज्वारी दळणे वेगळे आणि पोलादाला आरशासारखे करणे वेगळे. मामांचा हिरवट दगड आमच्या मातीतला नव्हता हे आता कळते. तो कुठून तरी बाहेरून आलेला होता.

क्योतोच्या दगडाची गोष्ट याच्या पलीकडची आहे. तो अग्नीतून नव्हे, समुद्राच्या तळाशी तयार झाला. खोल समुद्रात रेडिओलेरिया नावाचे सूक्ष्म जीव असतात, त्यांचे सांगाडे गारेच्या द्रव्याचे. ते मरून तळाशी साचत राहिले की त्यांचा चर्ट नावाचा अतिकठीण खडक होतो. पण सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर आजवरचा सर्वांत मोठा संहार झाला. समुद्रातल्या दहापैकी आठांहून अधिक जाती नष्ट झाल्या, त्यात रेडिओलेरियाही बहुतेक गेले. सांगाड्यांचा तो पाऊस थांबला. मग तळावर साचला तो मुख्यतः अतिबारीक चिखल, त्यात गारेचे सूक्ष्म कण मिसळलेले. त्याचा दगड झाला, समुद्रतळाबरोबर तो सरकत सरकत आशियाच्या काठाला येऊन चिकटला आणि पुढे त्याचे क्योतोभोवतीचे डोंगर झाले. भूशास्त्रज्ञ या थरांना चक्क 'तोइशी' जातीचा खडक म्हणतात, आणि जपानीत तोइशी म्हणजे धारेचा दगड. चर्टएवढा कठीण असता तर पोलाद नुसते घसरले असते, नुसती माती असती तर विरघळून गेला असता. एका महासंहाराच्या अलीकडच्या काठावर हे प्रमाण जमून आले.

क्योतोच्या वायव्येकडचे नारुताकी, नाकायामा हे भाग या दगडांसाठी नावाजलेले. परंपरा अशी सांगते की बाराव्या शतकाच्या शेवटी होन्मा घराण्याला या खाणींचा अधिकार मिळाला. या दगडाला 'होन्यामा' म्हणतात, म्हणजे अस्सल डोंगराचा. तलवारीवर शेवटचा हात फिरवायला तो लागे, आणि तलवारींना झिलई देणे ही तिथे घराणेदार कला. क्योतोच्या होनामी घराण्याचे हेच काम, आणि याच घराण्यातला होनामी कोएत्सु (१५५८-१६३७) सुलेखनकार आणि मातीच्या भांड्यांचा कलावंत म्हणून आजही मानला जातो.

आपल्याकडे हेच काम शिकलगारांचे. 'सैकल' म्हणजे शस्त्राला दिलेली झिलई, त्यावरून शिकलगार. आडनाव आमच्या भागात अजून आहे, शस्त्रे गेली. धारेच्या व्यवहारात आपण मागासलेले होतो असे अजिबात नाही. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दच दक्षिण भारतातून गेला, तो आपल्या कुरुंदाचा सख्खा भाऊ. कुरुंदाची पूड लाखेत कालवून सहाणेची चाके आपल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या केली. आज कारखान्यात बनणाऱ्या बऱ्याच धारेच्या दगडांत तेच द्रव्य असते, ॲल्युमिनियम ऑक्साइड.

मग जपानी दगडात वेगळे काय? ते मला सहा महिन्यांनी, बऱ्याच रक्तस्रावानंतर कळले.

वस्तऱ्याची पाठ जाड आणि धार पातळ असते. दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, त्यामुळे कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंश. धार पुढे ठेवून ढकलायचा, टोकाशी पाठीवरच उलटवायचा, परत आणायचा. आधी भरड कृत्रिम दगडावर दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या, मग अधिक बारीक दगड, आणि सगळ्यात शेवटी होन्यामा. या शेवटच्या दगडावर पाणी टाकून एका छोट्या दगडाने घासले की दुधासारखा राप उठतो. त्या छोट्या दगडाला नागुरा म्हणतात. तो मिकावा प्रांतातून येतो, ज्वालामुखीच्या राखेचा बनलेला. त्याच्या थरांना नावे आहेत: बोतान, तेन्जो, मेजिरो, कोमा, भरडाकडून बारकाकडे. धार दगडापेक्षा या रापावर जास्त होते. पोलाद फिरेल तसे कण चिरडत, झिजत जातात, राप काळसर होतो. हळूहळू पाणी वाढवून तो पातळ करायचा आणि शेवटी नुसत्या पाण्यावर वस्तरा फिरवायचा.

इथे माझे घोडे अडले. धार भिंगातून चकचकीत दिसायची, पण गालाला लावली की आग. केस तुटत नसे, उपटला जाई. मी दगडाला नावे ठेवली, भाच्याला फोन करून त्याला फसवले म्हणालो. मग एका रात्री मामांचे वाक्य आठवले. मी दाबत होतो! बोटांत जोर आहे हे मला जाणवतच नव्हते. सकाळी नुसत्या दोन बोटांनी धरला, वस्तऱ्याला त्याच्या वजनाने जाऊ दिले. पंधरा-वीस फेऱ्यांनंतर हाताला वेगळे लागले. पाते दगडाला चिकटल्यासारखे, ओल्या काचेवर काच सरकावी तसे. मग चामड्याच्या पट्ट्यावर, यावेळी पाठ पुढे आणि धार मागे, पन्नास फेऱ्या. मनगटावरचा केस न दुखता खाली पडला.

आपल्या भाषेत 'पाजळणे' हा क्रियापद दिव्यालाही लागतो आणि शस्त्रालाही. का, ते त्या सकाळी कळले.

आनंद मावेना म्हणून आत्याला फोन लावला. आत्या आता पंच्याऐंशीची, पण स्मरण लख्ख. दगड, समुद्र, जपान, सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "वस्तऱ्याचं काय एवढं कौतुक? आमच्या घरी सोवळ्या आजीला दर महिन्याला लागायचा."

सोवळ्या आजी म्हणजे माझ्या आजोबांची आत्या. बालविधवा. आमचे मूळ घर पंढरपूरचे, आत्याचे लहानपण तिथले. सांगत होती १९४७-४८ सालची गोष्ट. न्हावी मागच्या दाराने यायचा. आजी गोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची, लाल आलवणाचा पदर खांद्यावर. पोरांना बाहेर घालवायचे, पण आवाज ऐकू यायचा. आधी दगडावरचा, मग चामड्यावरचा, मग काहीच नाही. न्हावी एक शब्द बोलायचा नाही. "आजी म्हणायची, हात हलका आहे हो त्याचा. वस्तरा इतका छान लावून आणतो की रक्त म्हणून येत नाही. तेवढंच सुख होतं बघ तिला."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ नुसता बसून होतो.

धारेबद्दल मी किती वाचले होते! आणि ती धार ज्या डोक्यावरून फिरली ते आमच्याच घरातले होते. त्या अनाम माणसाने दगडावर जास्तीच्या चार फेऱ्या मारल्या असतील, त्याच्या हातात असलेली दया तेवढीच होती. पण कारागिरी कितीही उत्तम असली तरी तिच्याने त्या कामातला अन्याय पुसला जात नाही, हेही खरे.

आणि याचा विचार त्या कारागिरांनीच आधी केला होता. १८९० साली मुंबईत न्हावी समाजाची सभा झाली, आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निश्चय तिथे झाला. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा, महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्र चालवणारे, गिरणी कामगारांचे पुढारी. शाळेत आम्हाला सुधारकांची जी नावे पाठ करायला लावली त्यांत बहुतेक शिकलेली मंडळी होती. ज्यांच्या हातात प्रत्यक्ष वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला, हे मी साठी ओलांडल्यावर वाचले.

या नकाराची किंमत समजायला गावगाडा आठवावा लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली त्याच नावाच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीला धान्याच्या रूपाने बलुते मिळायचे, वर्षभर अख्ख्या गावाची हजामत करायची. अशा माणसाने ज्यांच्या खळ्यावरून धान्य यायचे त्यांच्याच घरच्या रिवाजाला नाही म्हणायचे, म्हणजे पोटावर पाय. मुंबईत रोख पैसा आणि गर्दीचा आधार तरी होता. गावोगावी ते सोपे नव्हते. म्हणून त्या सभेनंतर सत्तावन्न वर्षांनीही पंढरपुरात आमच्या मागच्या दाराची कडी वाजत होती.

गंमत अशी की जपानमध्येही केसांचे राजकारण त्याच सुमारास पेटले होते. तिथले पुरुष शतकानुशतके कपाळापासून टाळूपर्यंत भादरून मागच्या केसांची गाठ बांधत, आपल्या घेरा-शेंडीचा चुलतभाऊच. १८७१ साली सरकारने ही गाठ कापायला मोकळीक दिली, १८७३ साली खुद्द मेइजी सम्राटाने आपली कापली आणि हळूहळू देश बदलला. न्हाव्यांच्या हाती पाश्चात्त्य घडणीचे वस्तरे आले आणि तलवारींना झिलई देणाऱ्या दगडांना नवे गिऱ्हाईक मिळाले. तिथे बदल राजवाड्यातून खाली आला. मुंबईत तो धोकटीवाल्यांच्या सभेतून वर जाऊ पाहत होता.

दगडाचे दिवस दोन्हीकडे संपले. विसाव्या शतकात आधी सुटे ब्लेड, मग विजेची यंत्रे आणि कारखान्यातले दगड आले, आणि क्योतोच्या बहुतेक खाणी बंद पडल्या. आपल्याकडे शेवटचा घाव वेगळ्याच दिशेने आला. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद मद्रासला झाली, आणि पुढच्या दशकात प्रत्येक दुकानात 'नवीन ब्लेड लावा' हे वाक्य ऐकू येऊ लागले. योग्यच होते ते. एकच वस्तरा दहा गालांवर फिरवणे धोक्याचे होते आणि त्यापुढे दगडाची माया करण्यात अर्थ नव्हता. ब्लेड मोडून अर्धे लावायचा वस्तरा आला, दगड धोकटीतून गेला, मग धोकटीही गेली.

ब्लेडलासुद्धा मरण आहेच म्हणा. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली. केस पोलादापेक्षा पन्नास पट मऊ, तरी तो वाकून तिरका लागला आणि पोलाद त्या जागी एकसारखे नसले की धारेचा टवका उडतो. मऊ गोष्टीने कठीण गोष्ट मोडते ती अशी. लोखंड्यांच्या सभेतल्या मंडळींना हे सूक्ष्मदर्शकाशिवाय माहीत असावे.

दर आषाढीला तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगर करत आमच्या भागातून बोरगावकडे जाते. वाटेवर ठिकठिकाणी नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी-कटिंग फुकट करून देतात. लहानपणी मामाही आमच्याकडच्या झाडाखाली बसायचे, पैसे घ्यायचे नाहीत. संत सेना महाराजांनी आपल्या धंद्याची अवजारे अभंगात आणली, त्यात आरसा आहे, चिमटा आहे. दगड नाही. दगड नेहमी मागेच राहतो, फडक्यात.

जपानी दगडाला डोंगराचे नाव आहे, थराचे नाव आहे, नागुऱ्याच्या चार थरांना चार नावे आहेत. मामांच्या दगडाला नाव नव्हते. पंढरपूरच्या त्या न्हाव्याचे नाव आत्याला आठवत नाही. आणि लिहायला बसल्यावर लक्षात आले की सोवळ्या आजीचे खरे नावही मला माहीत नाही. आत्यालाही नाही. घरात सगळे तिला सोवळ्या आजीच म्हणायचे.

काल त्या वस्तऱ्याने पहिल्यांदा पूर्ण दाढी केली. रक्त आले नाही. दगड धुऊन सावलीत वाळत ठेवला आहे, उन्हात ठेवला तर थर सुटतात म्हणे.

असो. पंढरपूरच्या घरातल्या कोणाकडे जुनी वंशावळ, देवपूजेची वही, श्राद्धाची यादी असे काही असेल तर कृपया बघा. तिचे नाव सापडले तर मला कळवा.